नावडत्या गेमची बाजू कशी मांडावी

२०१० साली 'डेडली प्रेमोनिशन' नावाचा गेम आला. आयजीएनच्या अमेरिकी आवृत्तीने त्याला १० पैकी २ गुण दिले, तर डिस्ट्रक्टॉइडने १० पैकी १०. समीक्षकांत सर्वांत मोठी फूट पाडणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. दोघांनी खेळला तो गेम एकच होता. तेच लाकडी चेहरे, तीच कंटाळवाणी मोटार, आणि कॉफीच्या कपात पुढचे संकेत वाचणारा तोच एफबीआयचा तपासनीस. एकाला जे असह्य झालं ते ओलांडून दुसऱ्याला पलीकडे काहीतरी सापडलं.

असा एखादा गेम जवळजवळ प्रत्येक खेळणाऱ्याकडे असतो. आपल्याला मनापासून आवडतो, पण मित्रांच्या ग्रुपवर नुसतं नाव काढलं की चार जण तुटून पडतात. एकदा 'बंडल' असा शिक्का बसला की नावडतीचं मीठ अळणी: त्यातलं चांगलंही कुणी चाखून बघत नाही. मग आपण बाजू घ्यायला जातो आणि बहुतेक वेळा हरतो. कारण तेव्हा तोंडात दोनच वाक्यं तयार असतात. 'तुम्हाला कळलाच नाही,' हे पहिलं. त्याने भांडण लागतं. 'ज्याची त्याची आवड,' हे दुसरं; त्याने बोलणंच संपतं.

याहून बरा मार्ग आहे. नावडता गेम निर्दोष आहे हे सिद्ध करायला जाऊ नका, तसं ते होतही नाही. लोकांना हवीहवीशी कोणती सोय त्या गेमने सोडून दिली, आणि तिच्या बदल्यात काय मिळवलं, हे दाखवा. हा सौदा समोरच्याला दिसला की तुमचं काम झालं. आणि बदल्यात काही मिळालंच नसेल, तर ते वकीलपत्र घेऊ नका.

आधी तक्रारींचे तीन ढीग करा

गेमबद्दलच्या तक्रारी वाचा, ऐका आणि त्या तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग बिघाडांचा. गेम हँग होणं, चित्र अडखळणं, सेव्ह फाइल उडणं, ही सगळी मंडळी इथे. यांची बाजू घ्यायचीच नाही. फक्त बिघाड कोणत्या आवृत्तीतला आणि आज तो उरला आहे का, हे तपासा. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवर इतका मोडका होता की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढूनच टाकला. आज तो विकत घेणाऱ्याच्या हातात पडतो तो बराच वेगळा गेम आहे. त्या वेळचा राग खरा, पण तो आजच्या गेमच्या माथी मारता येत नाही. उलटही खरं: आज सुधारला म्हणून तेव्हा पैसे घालवलेल्यांना 'उगाच ओरडता' म्हणण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

दुसरा ढीग चुकांचा. चूक म्हणजे जिच्या बदल्यात खेळणाऱ्याला काहीच मिळत नाही अशी गोष्ट. १९८७ च्या 'कॅसलव्हेनिया २: सायमन्स क्वेस्ट'मध्ये एका कड्यापाशी लाल स्फटिक हातात धरून गुडघ्यावर बसून राहावं लागतं, मग वावटळ येते आणि पुढे घेऊन जाते. गावकरी जे संकेत देतात ते इंग्रजी भाषांतरात इतके विस्कटले होते की कुणी सांगितल्याशिवाय हे सुचणं जवळजवळ अशक्यच. याच गेममध्ये दिवस मावळतो, रात्री राक्षसांची ताकद वाढते आणि गावातली दुकानं बंद होतात. ही कल्पना तिच्या काळात फार पुढची होती, आणि तिची बाजू जरूर घ्यावी. पण तिच्या जोरावर वावटळीचंही समर्थन करू गेलात, तर समोरचा तुमचं दोन्ही नाकारतो.

'डार्क सोल्स २' (२०१४) मध्ये पवनचक्कीच्या शिखरावरून लिफ्टने वर जावं, तर थेट लाव्हात बुडालेला किल्ला येतो. त्या जागी वर असा किल्ला असूच शकत नाही, हे बाहेरून स्पष्ट दिसत असतं. चाहत्यांनी त्यावर नाना उपपत्ती मांडल्या आहेत. तुम्ही त्यात पडू नका. 'हे जमलेलं नाही' म्हणा आणि पुढे चला. चूक एका वाक्यात मान्य केली की तुमच्या पुढच्या दहा वाक्यांना वजन येतं.

तिसरा ढीग सौद्यांचा, आणि तुमचा खटला उभा राहतो तो इथे.

२००८ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त राजपुत्र मरतच नाही. उडी चुकली की सोबतची एलिका त्याचा हात पकडते आणि मागच्या भक्कम जागेवर आणून सोडते. 'मरायचंच नाही तर खेळायचं कशाला?' हा आक्षेप तेव्हापासून चालत आला आहे. आता इतर गेममध्ये मेल्यावर काय होतं ते आठवा. पडदा काळा होतो, लोडिंग फिरत राहतं, आणि आपण मागच्या चेकपॉइंटवर उभे असतो. एलिका नेमकं तेच करते. मधला काळा पडदा आणि ताटकळणं तेवढं जातं. भिंतीवरून लांबलचक धाव घेऊन शेवटची उडी हुकली, तर ती अख्खी धाव पुन्हा करावी लागते. लढाईत तिने वाचवलं तर शत्रूची गेलेली ताकद काही प्रमाणात भरून येते. शिक्षा आहेच, फक्त तिचा गाजावाजा नाही.

गेमने गमावली ती मरणाची धास्ती, आणि ती थोडीथोडकी नाही. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये खंजिरातली वाळू संपत आली की जीव वरखाली व्हायचा. तो अनुभव इथे नाही. मिळवल्या दोन गोष्टी. धावण्या-चढण्याची लय तुटत नाही. शिवाय तासन् तास ज्या हाताने आपल्याला वर ओढलं, त्या हाताची सवय लागते. गेमचा शेवट त्या सवयीवरच उभा आहे. तो इथे फोडत नाही, पण शेवटच्या काही मिनिटांत तुमच्या हातून जे करवून घेतलं जातं, ते एलिकाशिवायच्या गेममध्ये इतकं लागलं नसतं. हा सौदा ज्याला तोट्याचा वाटतो त्याने तसं म्हणावं. पण सौदा होता, हे तरी मान्य व्हायला हवं.

एकच प्रसंग घ्या, पण मुळापासून सांगा

'वातावरण भारी आहे', 'गोष्ट खोल आहे' अशा वाक्यांनी कुणाचं मत बदलत नाही. एक प्रसंग निवडा आणि त्यात गेमचे नियम एकमेकांवर कसे आदळतात ते दाखवा. यासाठी 'फार क्राय २'सारखं उदाहरण नाही.

युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने २००८ मध्ये काढलेला हा गेम आफ्रिकेतल्या एका बेनाम देशात घडतो. यादवी पेटलेली आहे आणि दोन्ही बाजूंना हत्यारं विकणाऱ्या एका दलालाला तुम्ही शोधत आहात. तक्रारींची यादी लांब: बंदुका गंजतात आणि ऐन वेळी अडकतात, नायकाला मलेरिया झालाय आणि गोळ्या मिळवण्यासाठी कामं करावी लागतात, नकाशा हातात धरून बघावा लागतो आणि तेवढ्यात गेम थांबत नाही, साफ केलेल्या चौक्या जरा लांब जाऊन आलं की पुन्हा भरलेल्या.

आता हा प्रसंग पाहा. तुम्ही टेकडीवरून दुर्बिणीने एक चौकी न्याहाळता. बेत ठरतो: पेटती बाटली टाकून वाळलं गवत पेटवायचं आणि गोंधळात आत शिरायचं. बाटली पडते, गवत धडाडून पेटतं, पण वारा तुमच्याच दिशेने आहे. आग तुमच्यावर येते. मागे हटताना गोळ्या संपतात, म्हणून पडलेल्या सैनिकाची बंदूक उचलता. ती गंजलेली असते आणि थोड्याच फैरींत अडकते. खटका सोडवेपर्यंत गोळी लागते. भिंतीआड बसून चिमट्याने ती उपसता, तोच ताप चढतो आणि नजर धूसर होते. तुम्ही कोसळता. आणि मग एक ओळखीचा चेहरा वाकून तुम्हाला ओढत नेतो, हातात पिस्तूल कोंबतो आणि शेजारी उभा राहून लढतो. लढाई संपल्यावर दिसतं की तोच आता जमिनीवर पडला आहे आणि मदत मागतो आहे.

हा प्रसंग कुणी लिहिलेला नाही. वाऱ्याचा नियम, गंजाचा नियम, तापाचा नियम आणि सोबत्याचा नियम यांच्या टकरीतून तो तयार झाला. वारा उलटा नसता आणि बंदूक अडकली नसती, तर तुमचा पहिला बेतच पार पडला असता आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं. या गेमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर क्लिंट हॉकिंग यांनीही नंतर यावर बोलताना आयत्या वेळी करावी लागणारी जुळवाजुळव हाच मुद्दा धरला होता. बेत मोडावा आणि खेळणाऱ्याने हातात येईल त्यावर भागवावं, यासाठी ही सगळी गैरसोय मांडली आहे. सोय दिली असती तर हे मिळालं नसतं. सौदा म्हणतात तो हा.

मात्र चौक्या पुन्हा भरण्याची बाजू मी घेणार नाही. त्यातून नवं काही घडत नाही, त्याच वळणावर तीच चकमक होते आणि प्रवासाचा विट येतो. २०१२ च्या 'फार क्राय ३'ने ही तक्रार ऐकली. तिथे जिंकलेली चौकी तुमचीच राहते. मात्र तिथे मलेरिया, गंज आणि अडकणाऱ्या बंदुकाही गेल्या, आणि त्यांच्यासोबत तो मोडणारा बेतही. दोन भाग शेजारी ठेवले की कोणत्या सोयीची काय किंमत पडली ते उघड दिसतं. बाजू मांडताना अशी जोडी हाताशी असेल तर अवश्य वापरा.

हा गेम कुणाला खेळायला सांगणार असाल तर नुसती शिफारस करून सोडून देऊ नका. हिरे मिळाले की आधी हत्यारांच्या दुकानातून स्वतःची बंदूक घ्यायला सांगा, म्हणजे गंजाचा ताप निम्मा होतो. रस्त्याऐवजी नदीतून होडीने आणि जमेल तिथे बसने जायला सांगा, म्हणजे बऱ्याच चौक्या टळतात. सल्ल्याशिवाय केलेली वकिली त्या माणसाला त्याच चिखलात ढकलते ज्यात आधीचे चार जण रुतले होते.

नाव झाकून पाहा

पुष्कळ गेम स्वतःमुळे नव्हे, तर मोठ्या भावामुळे मार खातात. आपल्याकडे 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' सीडीवरून सीडीवर आणि सायबर कॅफेतून पसरले. चीट कोड पाठ असलेली एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्या पिढीने 'जीटीए ४' (२००८) लावला आणि तोंड वाकडं केलं. चालवायला विमान नाही, व्यायामशाळा नाही, जेटपॅक नाही. गाड्या वळणावर झोकांड्या खातात. आणि नायक निको बेलिक कुठे जीव मुठीत धरून पळत असताना चुलतभाऊ रोमनचा फोन येतो: चल, बोलिंग खेळायला जाऊ.

गंमत अशी की समीक्षकांनी हा गेम डोक्यावर घेतला होता. मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी १०० पैकी ९८ आहे. म्हणजे 'समीक्षकांनी झोडपलेला, पण लोकांचा लाडका' या नेहमीच्या गोष्टीची ही उलटी बाजू. अशा वेळी ९८ चा आकडा पुढे करणं सर्वांत निरुपयोगी. ज्याला गाडी चालवायचा वैताग आला, त्याला आकड्याशी काय करायचं आहे?

त्याऐवजी एक प्रयोग करायला सांगा. डब्यावरचं नाव झाकायचं. हा कुठल्याही मालिकेचा भाग नसून युद्धातून परतलेल्या एका थकलेल्या स्थलांतरिताचा गेम आहे असं समजायचं. मग कोणती तक्रार उरते? 'विमान नाही' ही तक्रार लगेच गळून पडते, कारण ती मुळात 'सॅन अँड्रियास'ची आठवण होती. पण 'लांबवर गाडी चालवत जायचं, शेवटच्या गोळीबारात मरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून गाडी चालवायची' ही तक्रार नाव झाकूनही उरते. ती खरी चूक आहे, आणि २००९ मध्ये आलेल्या याच गेमच्या जोडभागांत मिशनच्या मधले चेकपॉइंट देऊन ती सुधारलीही गेली.

राहता राहिली गाडी. तिला वजन आहे. वेगात वळवली तर ती बाहेर फेकली जाते. भिंतीवर जोरात आदळली तर निको काच फोडून बोनेटवरून रस्त्यावर येऊन पडतो. खेळण्यातल्या गाडीची मजा इथे सोडली आहे. बदल्यात पाठलागाला भीती आली आहे. वळणाच्या आधी ब्रेक लावायचा, वळून झालं की वेग द्यायचा, एवढं अंगवळणी पडलं की तीच गाडी हाताला आवडू लागते. आणि रोमनचा त्रास नको असेल तर निकोच्या मोबाइलला स्लीप मोड आहे, आणि लांब जायचं असेल तर टॅक्सीला हात करता येतो. हे दोन उपाय ठाऊक नसलेले लोक अजून भेटतात. कधी कधी बाजू मांडणं म्हणजे मेनूतला एक पर्याय दाखवणं, इतकं सोपं असतं.

नावडत्या गेमला संधी द्यायची तर अशी द्या

दुसऱ्याची बाजू मांडण्याआधी, किंवा दुसऱ्याने मांडलेली पडताळून बघताना, हे करा.

पहिलं, पैसे जपा. नव्या किमतीला विकत घेतलेला गेम माणूस रागाने खेळतो. जुने आणि नावडते गेम सेलमध्ये पडेल भावात मिळतात, तोवर थांबा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. मात्र उशिरा रंगात येणाऱ्या गेमचा सौदा दोन तासांत दिसत नाही, हेही धरून चाला. असा गेम परताव्याच्या भरवशावर घेण्यापेक्षा मित्राच्या घरी जाऊन खेळून पाहिलेला बरा.

दुसरं, आवृत्ती विचारा. 'जीटीए ४'च्या पीसी आवृत्तीला पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह'चं लोढणं होतं. २०२० च्या कम्प्लीट एडिशनमध्ये ते काढलं, पण सोबत ऑनलाइन खेळही गेला. कोण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहे हे ठरल्याशिवाय वाद घालू नका.

तिसरं, गेमचा एक छुपा नियम आधीच समजून घ्या. 'डार्क सोल्स २'वर सर्वांत मोठा राग असतो तो 'लोळण घेतली तरी मार लागतो' याचा. पहिल्या भागात लोळण किती चपळ हे अंगावरच्या वजनावर ठरायचं. दुसऱ्यात त्यासाठी अ‍ॅडॅप्टॅबिलिटी नावाचा वेगळा आकडा आहे. तो वाढवला की अ‍ॅजिलिटी वाढते, आणि तिच्यावर लोळणीतला सुरक्षित क्षण ठरतो. गेम हे धड सांगत नाही. सुरुवातीलाच अ‍ॅजिलिटी १०० च्या आसपास नेली, तर निम्मा राग ओसरतो. न सांगणं ही चूकच. पण चुकीवर उपाय असताना त्यापायी दोन हातांत दोन हत्यारं जोडून लढण्याची मुभा किंवा चुकलेले गुण पुन्हा वाटून घेण्याची सोय यांना मुकण्यात शहाणपण नाही.

चौथं, काठिण्यपातळी कमी करायला लाजू नका. 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) मध्ये तो प्राणी मारता येत नाही, तो ठराविक वाटेने फिरत नाही, आणि सेव्ह करायचं तर भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून दिवे लागेपर्यंत उभं राहावं लागतं, तेवढ्यात मागून शेपूट आरपार जाऊ शकतं. आयजीएनने त्याला ५.९ गुण दिले होते. तक्रार गेम लांबल्याची आणि लपून बसण्याच्या कंटाळ्याची होती, आणि ती खोटी नव्हती. पण लांबलेला हा गेम सोप्या पातळीवर आणि थोडा थोडा खेळला, कपाटात दडून न राहता टेबलांच्या आडोशाने सरकत राहिलं, तर त्याच धास्तीची गोडी लागते. पुढे त्याला ध्वनीसाठी बाफ्टा मिळाला, आणि २०२४ मध्ये दहा वर्षांनी पुढचा भाग बनत असल्याची घोषणा झाली.

टक्केवारीचा अर्थ लावा

स्टीमवर एखाद्या गेमला ६५ टक्के दिसले की 'पासष्ट मार्कांचा गेम' असं मनात येतं. तसं नाही. अभिप्राय देणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोकांनी 'खेळा' असं म्हटलं, इतकाच त्याचा अर्थ. सगळ्यांना जेमतेम आवडलेला गेम ९० टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि काहींना जिवापाड आवडलेला गेम ६५ वर अडकू शकतो. सौदा करणारे गेम बहुधा या दुसऱ्या रांगेत असतात. म्हणून आकडा सोडा आणि मजकूर वाचा. सगळ्यांत उपयोगी अभिप्राय असतो तो भरपूर तास खेळूनही नापसंती देणाऱ्याचा, आणि त्याच्या खालोखाल 'दोष असे असे आहेत, तरी खेळा' म्हणणाऱ्याचा. प्रत्येक अभिप्रायाच्या वर खेळलेले तास दिलेले असतात, तिकडे आधी नजर टाका. एकदम नापसंतीचा पूर आलेला दिसला तर तारखा पाहा. किंमतवाढ, नवी अट किंवा कंपनीचं एखादं विधान यावर लोक रागावलेले असतात, आणि तो राग गेमच्या पोटातल्या गोष्टींबद्दल नसतो.

मांडणी कशी करावी

आता लिहायला किंवा बोलायला बसा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चंच उदाहरण घेऊ. फसलेली मांडणी अशी: 'हा मालिकेतला सर्वांत सुंदर गेम आहे, पण लोकांना फक्त मारामारी हवी असते म्हणून त्याची कदर झाली नाही.' यात गेमबद्दल एकच शब्द आहे, 'सुंदर'. बाकी सगळं लोकांबद्दल आहे, आणि तेही अपमानकारक.

उभी राहणारी मांडणी अशी: 'यात मरण नाही, त्यामुळे धास्ती नाही, हे कबूल. लढाया थोड्याच प्रकारच्या आहेत आणि प्रकाशाचे दाणे गोळा करत फिरणं पुढे पुढे रटाळ होतं. पण पडल्यावर लोडिंगची वाट न बघता लगेच पुन्हा धावता येतं, त्यामुळे चढण्या-उडण्याचा नाद लागतो. आणि एलिकाच्या मदतीची जी सवय लागते, तिचा हिशेब गेम शेवटी चुकता करतो. ज्याला कठीण कसरत हवी त्याने सँड्स ऑफ टाइम खेळावा. ज्याला दोन माणसांची गोष्ट खेळता खेळता अनुभवायची आहे त्याने हा घ्यावा.'

यात पाच गोष्टी आहेत: मान्य केलेला मुख्य आक्षेप, आपणहून सांगितलेला आणखी एक दोष, बदल्यात मिळालेली नेमकी गोष्ट, ती गेममध्ये कुठे दिसते त्याचा पत्ता, आणि हा गेम कुणी घेऊ नये. शेवटची गोष्ट कधीही गाळू नका. 'सगळ्यांनी खेळावा असा' म्हटलं की विश्वास उडतो. 'अमक्याने खेळू नये' म्हटलं की बाकीचे कान टवकारतात.

दोन पथ्यंही पाळा. गेम करणाऱ्यांच्या कष्टांचा दाखला देऊ नका, कारण वाईट गेमलाही कष्ट पडतातच. आणि 'हा काळाच्या पुढे होता' हे वाक्य वापरायचं असेल, तर पुढच्या कोणत्या गेमने काय उचललं ते नाव घेऊन सांगा. सांगता येत नसेल तर वाक्य खोडा.

आपला म्हणून नको

एक मोह मराठी खेळणाऱ्याला हमखास होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतरही चिकाटीने पुरा केलेला हा गेम. भाऊ गोलूला शोधायला निघालेली, सर्कशीत वाढलेली राजी, तिच्या प्रवासावर आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू, छायाबाहुल्यांतून सांगितलेली पुराणकथा. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. तरी तक्रारी आल्याच: लढाई अडखळते, गेम लवकर संपतो, आणि शेवट अर्ध्यात तुटल्यासारखा वाटतो.

'पुण्याच्या पोरांनी केलाय, कौतुक करा' हा बचाव राजीवर अन्याय करतो. कोणत्याही गेमला लावाल तोच गज इथे लावा. तुटलेला शेवट चुकांच्या ढिगात जातो; पैसे कमी होते हे कारण कळतं, पण विकत घेणाऱ्याला त्याने काही मिळत नाही. कॅमेरा मात्र सौदा आहे. तो तुम्हाला फिरवता येत नाही, म्हणून कधी उडीचा अंदाज चुकतो आणि शत्रू नीट दिसत नाही. पण त्यामुळेच प्रत्येक दृश्य आखून मांडता आलं. राजी एवढीशी दिसते आणि तिच्यामागे महाल, मूर्ती, झरोके उभे राहतात. लहान मुलगी देवांच्या लढाईत सापडली आहे हे न बोलता कळतं. कॅमेरा हातात दिला असता तर ही चौकट मोडली असती. एवढं दाखवलंत की पुण्याचा उल्लेख न करताही राजीची बाजू उभी राहते.

थांबायचं कुठे

काही गेमच्या तक्रारी वाटून झाल्यावर तिसरा ढीग रिकामाच राहतो. सगळे बिघाड आणि चुकाच निघतात. तो गेम तुम्हाला आवडत असेल तर खुशाल खेळा. लहानपणी सुट्टीत खेळलो म्हणून आवडतो, हे कारण स्वतःसाठी पुरेसं आहे. दुसऱ्याचे पाचशे रुपये खर्च करायला लावण्यासाठी पुरेसं नाही.

आणि सौदा नीट दाखवूनही समोरचा म्हणाला की, 'कळलं काय केलंय ते, पण मला हे परवडत नाही,' तर तिथे थांबा. 'बंडल' म्हणणारा माणूस आता कारण देऊन नाही म्हणतो आहे. त्याने खेळलाच पाहिजे, असा हट्ट नको. त्याची आवड कशात आहे हे त्याच्या नकारातून तुम्हाला कळलं असेल, तर त्याला पुढच्या वेळी कोणता गेम सुचवायचा हेही आता नेमकं ठरवता येईल.